जॉब : भोपळा, नग १

रविवार, १ फेब्रुवारी २०२६

ऑर्डर आली. पार्टी : आमची नात, वय सहा, इयत्ता पहिली, शाळा नौपाड्यात. डिलिव्हरी : शुक्रवार २७ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ. त्या दिवशी कुसुमाग्रजांची जयंती, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. पहिली-दुसरीच्या मुलांनी गोष्टीतलं पात्र होऊन यायचंय. एक मिनिट स्टेजवर, बाकीचा वेळ वर्गात.

सूनबाई म्हणाली, भाड्याने आणू. वाघ, ससा, पोपट, परी सगळं दुकानात टांगलेलं असतं, आणायचं, घालायचं, परत द्यायचं. पण पार्टीला म्हातारी व्हायचंय. तीच, लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन जाडजूड होणारी आणि वाघाला चकवून भोपळ्यातून घरी परतणारी. शिवाय भोपळाही व्हायचंय. दोन्ही एकदम. हा माल भाड्याने मिळत नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये मी एकतीस वर्षं काढली. संध्याकाळी लॉगबुक लिहायची सवय काही सुटली नाही. हल्ली त्यात गॅसचं सिलिंडर कधी लावलं आणि टाकी कधी धुतली एवढंच असतं. आज नवीन पान काढलं.

पार्टीला समोर बसवून मागण्या लिहून घेतल्या. तिच्याच शब्दांत :

"भोपळा खूप मोठा पाहिजे. मला वर्गात बसता आलं पाहिजे. आणि तो टुणुक टुणुक झाला पाहिजे."

पहिल्या दोन कळल्या. तिसरीपुढे "बघू" असं लिहिलं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

मापं. उंची ११६ सें.मी. खांद्यापासून जमीन ९१. खांद्यांची रुंदी २७. डोक्याचा घेर ५१. वजन साडेवीस किलो. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको असा नियम आहे, त्या हिशोबाने दोन किलो चालेल. पण दप्तर घेऊन कोणी उड्या मारत नाही. मी हद्द एक किलोची ठेवली.

भोपळ्याची उंची ५०, मधला व्यास ६४. खालून गुडघे मोकळे राहतात. चपटा भोपळाच खरा दिसतो, चेंडूसारखा गोल केला तर संत्रं वाटेल.

शेजारचे काका जिन्यात भेटले आणि म्हणाले, थर्माकोलचे दोन अर्धगोल कापा, संध्याकाळपर्यंत मोकळे व्हाल. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे हे त्यांच्या गावी नाही. आणि बंदी नसती तरी तो किस घरभर उडवायची माझी तयारी नाही. कागदाचा लगदा फुग्यावर थापायचा विचारही केला. मजबूत होईल, पण त्या मापाला जड आणि ताठ. फोमची शीट म्हणजे सोफा अंगावर घेऊन फिरणं. फेब्रुवारीच्या अखेरीस ठाण्यात दुपारी काय उकडतं ते सांगायला नको.

ठरलं : बांबूच्या कामट्या, वरून कापड. आकाशकंदिलाचंच काम, फक्त आत दिव्याऐवजी मूल.

बुधवार, ४ फेब्रुवारी

जांभळी नाक्याच्या मंडईत नमुना आणायला गेलो. नमुना समोर असल्याशिवाय ड्रॉइंग करू नये, हे आमच्या फोरमनचं म्हणणं. अख्खा लाल भोपळा मागितला तर भाजीवाली म्हणाली, "कापून देते की, एवढा कशाला?" दोघंच माणसं असणार असं तिला वाटलं असावं. ३ किलो २०० ग्रॅमचा, देठासकट, निवडून घेतला.

घरी रंगावरून वाद. सूनबाईने मोबाइलवर भोपळे दाखवले : भडक केशरी, तुळतुळीत, कापून डोळे-दात काढलेले. ते विलायती भूतांच्या सणाचे. माझ्यासमोर टेबलावर जो होता तो हळदीसारखा पिवळा, फाकींच्या खाचांत तपकिरी, एका बाजूला हिरवट, अंगावर फिकट ठिपके. लाल तो आतून असतो. पार्टीच्या गोष्टीच्या पुस्तकातलं चित्र मात्र केशरीच निघालं, त्यामुळे माझी बाजू पडते की काय असं झालं. शेवटी पार्टीने भोपळ्यावर हात फिरवून निकाल दिला, "हा खरा आहे." तेव्हा रंग खऱ्याचा.

हिने भोपळा उचलून पाहिला आणि घारग्यांची भाषा सुरू केली. सांगितलं, जॉब पास होईपर्यंत नमुना कापायचा नाही. तो आता टीव्हीशेजारी बसलाय.

शनिवार, ७ फेब्रुवारी

काल कळव्याच्या बुरुडाकडून दहा कामट्या आणल्या. प्रत्येकी सात फूट, बोटभर रुंद, तीन मिलिमीटर जाड. रिक्षात मावल्या नाहीत. दोन्ही बाजूंनी बाहेर काढून, "मागे बघ रे, मागे बघ" करत पाचपाखाडीपर्यंत आलो.

रात्रभर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, त्यामुळे आज नीट वाकल्या. वाकवताना हिरवी साल नेहमी बाहेरच्या अंगाला ठेवायची. बांबूची सगळी ताकद सालीतल्या धाग्यांत असते. ती आत गेली तर बाहेरचा पांढरा गर ताणला जाऊन तडकतो. जास्त वाक हवा तिथे गॅसच्या मंद आचेवर फिरवून घेतली. कडा पॉलिश पेपरने मारल्या. तरी एक कूस अंगठ्यात गेलीच, हिने सुईने काढली.

पाच कामट्या खर्ची पडल्या : वर गळ्याची रिंग, खाली एक रिंग, मध्ये आठ उभ्या फासळ्या. सगळे जोड मेण लावलेल्या दोऱ्याने बांधले. रात्री अकरा वाजता सांगाडा डायनिंग टेबलावर उभा केला. कुठूनही मापलं तरी व्यासात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नाही. बराच वेळ बघत बसलो.

रविवार, ८ फेब्रुवारी

रिजेक्ट.

ट्रायलला पार्टी आत शिरली आणि म्हणाली, "आबा, हा पिंजरा आहे." तिला बसायला सांगितलं. ती बसली, खालची रिंग जमिनीला टेकली आणि वरची सरळ हनुवटीखाली आली. उभ्या फासळ्या दबणार कुठे? उडी मार म्हटलं. तिने मारली. सांगाडा तिच्याबरोबर वर गेला, तिच्याबरोबर खाली आला, जसा काही अंगाला खिळे मारून बसवलाय.

मग खाली अंगणात दाखवायला निघालो. आमच्या जुन्या लिफ्टला चॅनलचं दार. पूर्ण उघडलं की ६१ सें.मी. जागा मिळते. भोपळा ६४. आणि पार्टी आत असताना तो आडवा करता येत नाही, उभा गोल कसाही फिरवा तेवढाच राहतो. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांना विचारत आलो, जॉब बसवायचा कुठे ते आधी मोजलंत का. जिन्यावरून खाली नेला. काका जिन्यातच उभे होते. काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

काल काही लिहिलं नाही.

आज सिलिंडरची पावती शोधायला माळ्यावर चढलो. तिथे गेल्या दिवाळीतला घडीचा कागदी कंदील सापडला. हातात ताटलीएवढा चपटा, उघडला की फुगीर गोल. त्यात उभं हाड एकही नाही. सगळी कडी आडवी, एकाखाली एक, आणि कागदच त्यांना लटकवून धरतो.

खाली उतरलो, पावती राहिली.

उभ्या फासळ्या रद्द. पाच आडव्या रिंगा, एकमेकींना सुती पट्ट्यांनी लटकवलेल्या, आणि सगळ्यात वरची खांद्यांवर पेललेली. वजनाने खाली ओढल्यावर भोपळ्याचा आकार. बसली की रिंगा एकावर एक. लिफ्टमध्ये दोन्ही हातांनी दाबली की गोलाचा लंबगोल. तीच कामटी, फक्त उभ्याची आडवी केली.

व्यास ठरवले : ३०, ५२, ६४, ५४, ४०. मधलीचा परीघ २०१ सें.मी. आणि सांध्याला १२, एकूण २१३. सात फुटांची कामटी किती? २१३. बाकीच्या चार तर एकेका कामटीत आरामात निघतात. शिल्लक कामट्या नेमक्या पाच. असा योग नोकरीतही क्वचित आला.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

रिंगा झाल्या. सांध्याची पद्धत लिहून ठेवतो, कारण पहिल्या सांगाड्यात मी ती चुकवली होती. दोन टोकं नुसती एकावर एक ठेवून बांधली तर तिथे जाडी दुप्पट होते आणि रिंग त्या जागी वाकायला तयार होत नाही, अंड्यासारखा कोपरा येतो. म्हणून दोन्ही टोकं १२ सें.मी. लांबीत तिरकी तासायची, एक आतल्या अंगाने, एक बाहेरच्या. एकमेकांवर बसवली की जाडी पुन्हा तीनच मिलिमीटर. वर मेणाचा दोरा, तीन ठिकाणी बोटभर रुंद बांधायचा, सलग नाही. सलग बांधला तर ती जागा पुन्हा ताठ होते. शेवटी सगळीकडे कापडी टेप, कूस लागू नये म्हणून.

पाचही रिंगांचं मिळून वजन १७५ ग्रॅम. किचनच्या काट्यावर. हिने काटा पुसून मागितला.

शनिवार, १४ फेब्रुवारी

वर्तमानपत्रावर फाकीचा नमुना काढला. गोल वस्तूला सपाट कापड चढवायचं तर फाकी कराव्या लागतात, मोसंबीच्या असतात तशा. आठ फाकी, म्हणून प्रत्येक रिंगेच्या परिघाला आठाने भागायचं. वरून खाली रुंदी : ११.८, २०.४, २५.१, २१.२, १५.७. हे ठिपके हलक्या हाताने गोलाईत जोडायचे, पट्टीने नाही. लांबी रिंगांमधल्या तिरक्या अंतरांची बेरीज, ५८. एवढ्याच मापाने कापलं तर कापड ढोलासारखं ताणून बसेल आणि भोपळ्याच्या फाकी फुगणारच नाहीत. म्हणून रुंदीत चार सें.मी. फुगोटा, मग शिलाईचे दीड-दीड. हा फुगोटा हिच्या सांगण्यावरून. मी दोन म्हणत होतो.

रविवार, १५ फेब्रुवारी

इलॅस्टिक आणि सुती पट्टी आणायला जांभळी नाक्याला गेलो. महाशिवरात्र आहे हे डोक्यातच नाही. कोपिनेश्वराच्या दर्शनाची रांग, बेलाचे आणि फुलांचे वाटे, मासुंदा तलावापर्यंत माणूसच माणूस. दुकानापर्यंत पोचलो नाही. रांगेत मात्र शिरलो, आलोच आहे तर. घरी आलो तो बेल आणि प्रसाद घेऊन. इलॅस्टिक नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी

कापड : मांजरपाट, ४४ इंची पन्हा, अडीच मीटर. कोरा मांजरपाट धुतल्यावर आटतो, आणि त्यात खळ असते ती निघाल्याशिवाय रंग धरत नाही. तेव्हा कापण्याआधी धुणं. धुण्याचा सोडा घालून उकळायचं काम मी घेतलं. रंगवायचं काम हिचं.

तिचा हिशोब : धुतलेलं कापड ४१० ग्रॅम, त्याला ६० ग्रॅम तुरटीच्या गरम पाण्यात तासभर, मग दीडशे ग्रॅम हळदीच्या उकळत्या पाण्यात. विकतच्या रंगाची पुडी आणू म्हटलं तर म्हणाली, भोपळ्याचा रंग डब्यात असताना पुडी कशाला. रंगवलेलं कापड सावलीत वाळत घातलं. हळदीचा रंग उन्हात उडतो, लोणच्याच्या डागावर आपण तोच उपाय करतो.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सकाळी बघतो तर पिवळ्या कापडावर लाल चट्टे. तळहाताएवढे, नऊ-दहा. मला वाटलं गंज, दोरीच्या तारेचा.

ही कापडाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "सोडा नीट खळबळून काढला होता का?"

नव्हता काढला. दोन पाणी दाखवून पिळलं होतं, पाठ धरली होती म्हणून. कापडात सोडा राहिला तिथे हळद लाल झाली. ती म्हणाली, कुंकू कसं करतात माहीत नाही का, हळदीला चुना लावूनच. मला माहीत होतं, पण असं दोरीवर बघितलं नव्हतं. साबणाने हळदीचा डाग लाल होतो तोही हाच प्रकार. खारं लागलं की लाल, आंबट लागलं की परत पिवळी. तिने अर्धं लिंबू एका चट्ट्यावर फिरवलं, आणि डोळ्यांदेखत चट्टा मावळला.

पुढचे सगळे लिंबाने काढायला बसलो, तेव्हा लक्ष टीव्हीशेजारच्या नमुन्याकडे गेलं. त्याच्या खाचा काय रंगाच्या? हाच, विटकरीकडे झुकणारा तपकिरी.

मग चट्टे गेले आणि खाचा आल्या. पानवाल्याकडून चुन्याची डबी आणली, पाण्यात कालवून रात्रभर ठेवायची, आणि वरची निवळी वापरायची. चाचणीला एका चिंधीवर ब्रशने रेघ ओढली : ओली असताना कुंकवासारखी लाल, वाळल्यावर मंद होऊन बरोबर भोपळ्याच्या खाचेची. हे विकतच्या पुडीतून निघालं नसतं. श्रेय कोणाचं यावर चर्चा नको असं मी सुचवलं.

चुना आहे, म्हणून आतून जुन्या चादरीचं अस्तर. अंगाला नुसतं अस्तरच लागेल.

बुधवार, १८ फेब्रुवारी

फाकी कापल्या, शिवल्या. शिलाई हिची, मशीन तिच्या माहेरचं. शिवणीवर चुन्याच्या निवळीचा ब्रश. फाकीत उशीतला फायबर कापूस पातळ थरात, एकूण २४० ग्रॅम. इलॅस्टिक आणि पट्टी आणली, आज दहा मिनिटांत. हात बाहेर काढायला पहिल्या-दुसऱ्या रिंगेच्या मध्ये दोन्ही बाजूंना शिवण उसवून फट ठेवली.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती, शाळेला सुट्टी. गच्चीवर ट्रायल.

बसणं : पास. खालची रिंग हाताने वर उचलायची आणि बसायचं, सगळा भोपळा मांडीवर बांगड्यांच्या चळतीसारखा जमतो. लिफ्ट : पास, दाबून. काकांना मुद्दाम दार धरायला बोलावलं.

टुणुक : इथे दिवस गेला.

खांद्याचे पट्टे निवारीचे लावले होते. उड्या मारल्या. रिंगा जराशा हलल्या, बाकी काही नाही. पार्टीने स्वतःभोवती बघितलं आणि म्हणाली, "हा चालतो. टुणुक होत नाही." आणि मला उभं राहून दाखवायला लागली की टुणुक म्हणजे काय : आधी ती उडते, मग भोपळा उडतो, मग ती खाली येते, मग भोपळा खाली येतो, आणि तो आल्यावर जरासा पुन्हा उडतो. एवढी स्पष्ट मागणी पहिल्याच दिवशी मिळाली होती, मीच "बघू" लिहून पान उलटलं.

निवार काढून इंचाचं इलॅस्टिक लावलं. भोपळा १४ सें.मी. खाली उतरून गुडघ्यांवर आला. उड्या मारायला लागली तर गंमतच : ती वर, भोपळा खाली. ती खाली, भोपळा वर. दोघं भांडल्यासारखे.

इलॅस्टिक दुहेरी केलं, थोडं आखडलं. आता उतरला ६ सें.मी. पहिल्या दोन उड्या झकास. तिसरीला भोपळा तिच्याहून उंच गेला, चौथीला गळ्याची रिंग हनुवटीवर बसली. दात जिभेवर. रडारड, साखर, मग पुन्हा तयार.

चिरंजीव वर आले. मेकॅनिकल इंजिनियर आहेत, पण सगळी मेकॅनिकल लॅपटॉपवर. म्हणाले, "बाबा, वजन नको, रबराची जाडी नको. लटकल्यावर किती सेंटिमीटर उतरतो तेवढंच सांगा." मोबाइलवर आकडे काढून दिले. १४ उतरला तर त्याची स्वतःची डुलण्याची चाल सेकंदाला १.३ वेळा. ६ उतरला तर २ वेळा. साडेतीनला २.७. मग घड्याळ लावून पार्टीच्या उड्या मोजल्या : दहा सेकंदांत वीस. म्हणजे सेकंदाला दोन.

डोक्यात प्रकाश पडला. सहाला भोपळ्याची चाल आणि पोरीची चाल एक झाली, झोपाळ्याला बरोबर वेळेवर ढकलत राहावं तसं प्रत्येक उडीला तो आणखी वर गेला. चौदाला तो तिच्यापेक्षा संथ, म्हणून कायम उलट्या पायावर. हवा कसा? तिच्याहून जरा चपळ. मग तो तिच्याबरोबर जातो आणि थोडासा पुढे. कॉम्प्रेसरच्या पायाखाली रबरी पॅड निवडताना हेच चालायचं, तिथे हलू नये म्हणून झगडायचो. हलायला हवं म्हणून पहिल्यांदाच.

इलॅस्टिक तिहेरी, अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरने आखडत साडेतीनवर आणलं. रबराला सूत्र काटेकोर लागू होत नाही, ताणेल तसं ते कडक होतं, पण जवळ नेऊन सोडलं, पुढे हाताने. गळ्याच्या रिंगेला वरून फोमची वळकटी.

खाली रस्त्यावरून मिरवणूक चालली होती, ढोल-ताशा. ती त्या ठेक्यावर उडायला लागली. ती वर, भोपळा वर आणि बोटभर आणखी. ती खाली, भोपळा खाली, आणि एक छोटी उसळी.

"टुणुक," ती म्हणाली. मला नाही, भोपळ्याला.

पास.

रविवार, २२ फेब्रुवारी

म्हातारी. हे खातं पूर्ण हिचं, मी सुई ओवून देण्यापुरता. तिच्या जुन्या सुती पातळाची शिवलेली छोटी नऊवारी, घातली की झाली, नेसवायची भानगड नाही. केस : जुन्या कानटोपीवर पांढऱ्या लोकरीच्या लडी टाके घालून, मागे अंबाडा. कापूस डिंकाने चिकटवायची सूचना आली होती, ती फेटाळली, खाज सुटते आणि घामाने सुटून येतो. काठी माझ्या जुन्या छत्रीची. सुरकुत्या काढायच्या नाहीत असं पार्टीने बजावलं. म्हातारी आता जाडजूड झालीय, तिला सुरकुत्या कशा असतील?

गळ्याच्या रिंगेला मागून भोपळ्याचं टोपण शिवलं. मागे टाकलं की म्हातारी दिसते, डोक्यावर ओढलं की भोपळा बंद. वाघ आला की ओढायचं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

टोपणाला फोमचा देठ लावला होता. दोनदा वाकला, एकदा तुटला, आणि तिन्ही वेळा मिरचीसारखा दिसला. शेवटी नमुन्याचाच देठ करवतीने कापून घेतला. वाळलेला, पाच धारांचा, लाकडासारखा कडक. तळाला दोन भोकं पाडून बटणासारखा शिवला. ३८ ग्रॅम.

पण देठ गेला की भोपळा टिकत नाही, तिथूनच सडायला लागतो. हे हिला माझ्या आधी कळलं. करवत ठेवेपर्यंत तिने किसणी काढली होती.

अंतिम वजन टोपणासकट ८७० ग्रॅम.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

घारगे. किसून, गुळात शिजवून, कणकेत वेलची घालून मळलेले, वर खसखस. एकूण चौसष्ट. व्यासाशी जुळला हा आकडा, पण ते मी मोठ्याने म्हणालो नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

पावणेआठला रिक्षा. भोपळा घडी करून मांडीवर, पापडांच्या चळतीएवढा. रिक्षावाल्याने विचारलं, झाकण कशाचं आहे. शाळेच्या दारात झटकून उघडला, तेव्हा तो पैसे घेतल्यावरही थांबून राहिला.

वर्गात बाकावर शेजारी तिची मैत्रीण, कावळा. दोघी मावल्या, कावळ्याचा एक पंख भोपळ्यात.

स्टेजवर एक मिनिट होतं. काय बोलायचं ते पाठ होतं, पण पहिलं वाक्य झाल्यावर ती उड्या मारायला लागली आणि उरलेलं बोलायचं राहूनच गेलं. समोर बसलेली मुलं "टुणुक टुणुक" ओरडायला लागली, मग मागची, मग दाराशी उभ्या असलेल्या मावशी. त्यात विसाव्या-पंचविसाव्या उडीला उजव्या खांद्याचं इलॅस्टिक पिनेतून निसटलं. भोपळा एका अंगाला कलला आणि तसाच उसळत राहिला. माझा जीव खालीवर, पण बघणाऱ्यांना तो डोंगरावरून घरंगळतोय असंच वाटलं असणार. भाड्याच्या कातड्यातला एक वाघ खाली आपल्या पाळीची वाट बघत होता. त्याला बघून तिने टोपण ओढलं, जिथल्या तिथे बसली, आणि पाचही रिंगा एकावर एक खाली. स्टेजवर नुसता भोपळा.

आतून आवाज : "आबा, संपलं?"

बक्षीस कावळ्याला. घारग्यांचा डबा वर्गात पाच मिनिटांत रिकामा.

रविवार, १ मार्च

वापरानंतरची तपासणी. कापड : उन्हात नेलं त्या बाजूने पिवळा जरा फिका, खाचा ठीक. अस्तर धुवायला काढलं, साबणाचं पाणी बाहेरच्या कापडाला लागू द्यायचं नाही अशी ताकीद मला, नावानिशी. पिना रद्द, खांद्याला बटणं लावणे. रिंग ३ चा सांधा दोन मिलिमीटर सरकलाय, मधला दोर सैल.

पार्टी सकाळपासून हॉलमध्ये भोपळा जमिनीवर मांडून आत बसलीय, टोपण ओढून, हातात पुस्तक आणि उरलेले दोन घारगे. रिंग ३ दुरुस्तीला मागितली तर आतून उत्तर आलं, म्हातारी घरी नाही.

दुरुस्ती उद्या, शाळेच्या वेळेत.